माळरानाचा माळी : जेन्स जेन्सन



थोर माणसांची चरित्रे म्हटली की राजे, सेनापती, संत आणि देशभक्त यांचीच नावे आपल्या ओठांवर येतात. माळ्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. पण अमेरिकेत असा एक माळी होऊन गेला की त्याने केलेल्या बागा पाहायला लोक आजही लांबून येतात. जेन्स जेन्सन हे त्यांचे नाव. आपल्या मंडळात बागेची हौस असणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, त्यांना हे चरित्र आवडेल म्हणून मी ते लिहायला घेतले.

बाग म्हणजे दूरदेशीची महागडी झाडे आणून ओळीने लावणे, असाच समज त्या काळी तिकडे रूढ होता. त्या मातीत आपोआप उगवणाऱ्या झाडाझुडपांचीच बाग करावी, आणि तीही केवळ धनिकांच्या बंगल्यापुढे नव्हे तर शहरातल्या गोरगरिबांच्या फिरण्याच्या जागेत करावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले त्यांत जेन्सन यांचे नाव पहिल्या काही जणांत घ्यावे लागते.

गंमत अशी की हे गृहस्थ मूळचे अमेरिकेचे नव्हतेच. त्यांचा जन्म 13 सप्टेंबर 1860 रोजी डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला, डिबोल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. जेन्स तीन वर्षांचा असताना, 1864 साली, प्रशियाच्या सैन्याने त्या भागावर स्वारी केली. डिबोलची लढाई डेन्मार्कच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या धामधुमीत जेन्सच्या घरच्या शेतावरील इमारती जळाल्या. लढाई हरल्यावर तो सगळा मुलूखच प्रशियाच्या ताब्यात गेला. घर तेच, शेत तेच, पण राज्य परक्याचे! आपली भाषा, आपली गाणी, आपले सण जपण्याची धडपड त्या मुलाने लहानपणापासून पाहिली. ज्याचे गाव असे हातचे गेले, त्याला मातीची ओढ जरा जास्तच असणार, असे मला वाटते.

पुढे त्यांनी डेन्मार्कमधील लोकशाळेत आणि शेतकी शाळेत शिक्षण घेतले. या लोकशाळा मोठ्या छान असत. शेतकऱ्यांच्या मुलांना पुस्तकांबरोबर देशाची गाणी, इतिहास आणि रानावनातली भटकंती तेथे मिळे. नंतर कायद्याप्रमाणे जर्मन सैन्यात सक्तीची नोकरी झाली. ती करत असताना बर्लिनमधील सार्वजनिक बागांची चित्रे ते वहीत काढून ठेवत. तेथील सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि कातरून ठेवलेली झाडे काही त्यांच्या मनाला भावली नाहीत.

घरची शेती त्यांच्याकडे यायची होती. पण अॅन मेरी हॅन्सन नावाच्या मुलीशी त्यांचे मन जुळले आणि घरच्यांना ती पसंत पडली नाही. अशा गोष्टी सगळ्या देशांत सारख्याच! 1884 साली दोघे अमेरिकेला निघून गेले. घरच्या शेतीवर पाणी सोडले. आधी फ्लोरिडात शेतमजुरी केली, मग आयोवा राज्यातल्या एका कॉलेजात काम केले, आणि शेवटी शिकागो शहरात येऊन ते स्थिरावले. तेथे शहराच्या पश्चिम भागातील सार्वजनिक बागांच्या खात्यात त्यांना साध्या मजुराची नोकरी लागली. रस्ते झाडणे, खणणे, पाणी घालणे असले काम.

थोड्याच काळात त्यांची हुशारी दिसून आली, आणि फुलांचे वाफे लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनीही सुरुवातीला चारचौघांसारखीच बाग लावली. परदेशी फुलझाडे आणली, नेटके वाफे केले. झाडे मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. शिकागोची हवा फार विषम. हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो, वारा हाडे फोडतो. उन्हाळ्यात आपल्या विदर्भाची आठवण यावी असे ऊनही काही दिवस पडते. अशा हवेत नाजूक पाहुणे टिकणार कसे? खत घालून आणि पाणी घालून ते कळेना, तेव्हा जेन्सन यांनी शहराबाहेर जाऊन पाहायचे ठरवले.

सुटीच्या दिवशी ते बायकोमुलांना घेऊन आगगाडीने शहराबाहेर जात. तेथे तेव्हा प्रेअरीचे काही तुकडे शिल्लक होते. प्रेअरी म्हणजे नजर पोचेल तिथवर पसरलेले गवताचे माळरान. इलिनॉय राज्यात एके काळी असे माळरान सुमारे 2 कोटी 20 लाख एकर होते. 1837 साली त्याच राज्यात जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर केला, आणि नंतर पन्नास वर्षांत त्यातले बहुतेक नांगराखाली गेले. आज दहा हजार एकरांमागे एक एकरसुद्धा चांगल्या स्थितीत उरले आहे की नाही, अशी अवस्था आहे. त्या माळावरचे गवत माणसाच्या डोक्यावरून जाते, आणि मुळे तर दोन पुरुष खोल जातात. वर बर्फ पडो की वणवा लागो, झाड खाली जिवंतच असते. वसंतात जांभळी व्हायोलेट, उन्हाळ्यात पिवळी सूर्यफुलाच्या जातीची फुले, पावसाळी शरदात ॲस्टरचे निळे ताटवे आणि सोनेरी गोल्डनरॉड. एक फूल संपले की दुसरे हजर. ना माळी, ना पखाल.

शेतकरी या झाडांना तण म्हणत. रोपवाटिकेत ती विकत मिळतही नसत, कारण तण विकत कोण घेणार? म्हणून 1888 साली जेन्सन यांनी घोडागाडी जोडली, बरोबर माणसे घेतली आणि माळावर जाऊन ही रानफुले मुळांसकट मातीच्या गोळ्यासह उकरून आणली. शिकागोच्या युनियन पार्कच्या एका कोपऱ्यात ती लावली. त्या कोपऱ्याला त्यांनी अमेरिकन बाग असे नाव दिले. लोक पाहायला येऊ लागले. ज्या फुलांच्या शेजारून ते उभा जन्म चालत आले होते, तीच फुले बागेत पाहून त्यांना नवल वाटे. आणि मुख्य म्हणजे झाडे जगली!

या कामावर त्यांची बढती होत गेली. 1895 साली युनियन पार्कचे ते प्रमुख झाले आणि लवकरच 200 एकरांच्या हम्बोल्ट पार्कचा कारभारही त्यांच्याकडे आला. झाडूवाल्याच्या नोकरीपासून दहा वर्षांत येथवर येणे काही लहान गोष्ट नव्हे. पण त्या खात्यात तेव्हा राजकारणी मंडळींचे राज्य होते. कंत्राटात खाणे, आपली माणसे भरणे, सामानाची खोटी मोजणी मान्य करणे, असे सगळे चाले. जेन्सन त्यात सामील होईनात, डोळेझाकही करीनात. तेव्हा 1900 साली त्यांना कामावरून काढून टाकले.

चाळिशीचे वय, पदरात मुले, हाताशी साठवलेले काही नाही, आणि परका देश! सही करून मोकळे झाले असते तर नोकरी राहिली असती. पुरुषाच्या सचोटीचे कौतुक आपण करतो तेव्हा त्याच वेळी घरात चूल पेटती ठेवणारी कोणीतरी असते, हे विसरू नये. अॅन मेरीने घरदार सोडून या माणसाबरोबर समुद्र ओलांडला होता, आणि ही पाच वर्षेही तिने बरोबरीने काढली. जेन्सन यांनी खासगी बागांची आखणी करून चरितार्थ चालवला. याच काळात शहराभोवतालची वने आणि माळ राखून ठेवावेत म्हणून झालेल्या पाहणीतही त्यांनी काम केले. 1904 सालचा तो अहवाल शिकागोभोवतीच्या राखीव वनांचा पाया मानला जातो.

1905 साली राज्यात वारे बदलले, खात्याची झाडलोट झाली, आणि ज्यांना काढले होते त्या जेन्सन यांनाच संपूर्ण पश्चिम विभागाच्या बागांचे मुख्य म्हणून बोलावून आणले. पुढची पंधरा वर्षे त्यांच्या हातून मोठी कामे झाली.

त्यांतले एक गारफील्ड पार्कमधील काचघर. तीन बागांतली जुनी मोडकळीला आलेली काचघरे काढून त्यांनी एकच भव्य काचघर बांधवले. 1908 साली ते लोकांसाठी उघडले. काचघराचा आकार राजवाड्यासारखा न करता त्यांनी तो शेतातल्या गवताच्या गंजीसारखा गोलाकार केला. आत नेच्यांच्या दालनात दगडी कपारीतून झरणारे पाणी आहे. त्याची एक गोष्ट सांगतात. गवंड्याने ती कपार बांधली, पण पाणी डोंगरातल्या धबधब्यासारखे धो धो पडू लागले. सपाट माळाच्या मुलुखात असा धबधबा कुठला? जेन्सन यांनी ती पुन्हा बांधायला लावली. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी गवंड्याला मेंडेल्सन यांची वसंतावरची एक हळुवार पियानोची रचना ऐकून ये म्हणून पाठवले. तो ऐकून आला आणि त्याने अशी कपार बांधली की पाणी रुणझुणत खाली येऊ लागले. गोष्टीला थोडे मीठमसाला लागला असेल, पण ते पाणी अजून तसेच झरते.

दुसरे मोठे काम शहराच्या पश्चिम कडेचे कोलंबस पार्क. 1915 ते 1920 या वर्षांत सुमारे 144 एकरांवर ही बाग झाली आणि जेन्सन यांच्या सार्वजनिक बागांत ती सर्वांत उत्तम समजली जाते. जागा अगदी सपाट, मध्ये फक्त फार प्राचीन सरोवराच्या काठाचा एक लांबट उंचवटा. दुसऱ्या कोणी डोंगर-कारंजी केली असती. यांनी त्या उंचवट्याच्या पायथ्याशी एक संथ नदी काढली, काठाला बोरू आणि पाणगवत लावले, उगमाशी चुनखडीच्या चपट्या लाद्यांचे थर रचले, जसे त्या प्रांतातल्या खऱ्या नद्यांच्या काठी असतात. खणलेल्या मातीने बाजूला बांध घातला, त्यामुळे पलीकडचे शहर दिसेनासे झाले. नदीच्या एका काठावर नाटके करायची जागा, पलीकडच्या काठावर प्रेक्षकांची हिरवळ. तिकीट नाही की पडदा नाही.

याच बागेत आणि पुढे जवळजवळ प्रत्येक बागेत त्यांनी एक दगडी वर्तुळ बांधले. दगडाचा गोल ओटा, मध्ये शेकोटीची जागा. तेथील आदिवासी लोक विचारविनिमयाला असे गोल बसत, आणि डेन्मार्ककडची जुनी चालही तशीच. गोल बसले की मानाची जागा उरत नाही. (आपल्या मंडळाच्या सतरंजीवर पहिली ओळ कोणी धरायची यावरून होणारी कुरबूर यावर हा उपाय करून पाहण्यासारखा आहे!)

त्यांची बाग करण्याची रीत अशी होती. आधी जागेवर जाऊन पाहायचे की मूळची झाडे कोणती, पाणी कुठे साठते, सूर्य कुठे उगवतो नि कुठे मावळतो. मध्यभाग मोकळा ठेवायचा, तेथे ऊन पडू द्यायचे. कडेला आधी रानफुले, त्यामागे झुडपे, त्यामागे उंच झाडे, जशी रानाच्या कडेला आपोआप असतात. एकेक झाड सुटे लावायचे नाही. जी झाडे रानात शेजारी असतात ती बागेतही शेजारीच हवीत. ओकच्या सावलीतली फुले ओकखालीच. वाट वळत जावी, म्हणजे पुढे काय आहे याची उत्सुकता राहते. त्यांचे आवडते झाड म्हणजे हॉथॉर्न. आपल्या बोरीसारखे काटेरी, बुटके, पण फांद्या आडव्या पसरतात. त्या आडव्या रेषेत त्यांना माळाचे क्षितिज दिसे. शक्यतो लहान रोपे लावायची आणि वाट पाहायची. चाळीस-पन्नास वर्षांनी बाग कशी दिसेल याचा हिशेब करून ते नकाशा काढत, स्वतःला ती पाहायला मिळणार नाही हे ठाऊक असून.

1914 सालापासून मोटारींचे प्रसिद्ध कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या डिअरबॉर्न येथील घराभोवतीची बाग जेन्सन करत होते. तेथे त्यांनी झाडांमधून एक लांब कुरण असे आखले की वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी मावळता सूर्य बरोबर त्याच्या टोकाच्या फटीत यावा. पण क्लॅरा फोर्ड यांना आखीव वाफ्यांची फुलबाग आणि गुलाब हवे होते. जेन्सन काही केल्या कबूल होईनात. शेवटी 1920 साली त्यांनी ते काम सोडले. जगातल्या अत्यंत श्रीमंत माणसाचे काम! पुढे बाईंनी दुसऱ्या जाणकार स्त्रीकडून हजारो गुलाबांची बाग करवून घेतली. मला विचाराल तर क्लॅराबाईंचीही बाजू समजते. स्वतःच्या दारात गुलाब हवासा वाटणे हा काही गुन्हा नव्हे. पण एवढे खरे की जेन्सन यांनी जो नकार भ्रष्ट कारभाऱ्यांना दिला, तोच कोट्यधीशालाही दिला. फोर्ड यांच्या मुलाने, एडसेलने, मात्र त्यानंतरही त्यांच्याकडून बागा करून घेतल्या.

बागा करून भागणार नाही, मूळ रानेच राहिली नाहीत तर रोपे आणायची कुठून, हेही त्यांना दिसत होते. म्हणून 1913 साली त्यांनी आपल्या भूमीची मूळची शोभा राखणाऱ्या मित्रांची एक संस्था काढली. मिशिगन सरोवराच्या काठी इंडियाना राज्यात वाळूच्या टेकड्या आहेत. तिथली वाळू गाड्या भरभरून कारखाने उचलत होते. 1917 साली जेन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या टेकड्यांवर मोठा नाट्योत्सव केला, हजारो माणसे जमवली. 1920 नंतरच्या काही वर्षांतच काही भाग राज्याने राखीव केला, 1966 साली केंद्राने आणखी घेतला, आणि 2019 साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

एक गोष्ट मात्र खटकली, ती लिहिते. मूळच्या झाडांचा न्याय माणसांच्या वंशालाही लागू करावा, असा सूर त्यांच्या काही लिखाणात निघतो, आणि तोही जर्मनीत वंशाचे भूत माजले होते त्या 1930 नंतरच्या काळात. हे विचार गैरच होते. ते स्वतःच एका देशातून उपटून दुसऱ्या देशात लावलेले रोप होते, आणि किती बहरले! झाडाचे झाडापाशी ठेवावे.

1934 साली अॅन मेरी वारल्या. पन्नास वर्षांची सोबत संपली. पुढच्या वर्षी, पंचाहत्तरीत, जेन्सन शिकागोकडचा पसारा आवरून विस्कॉन्सिन राज्यात एलिसन बे येथे सरोवराकाठच्या आपल्या रानात राहायला गेले, आणि तेथे त्यांनी शाळा काढली. तिचे नाव द क्लिअरिंग, म्हणजे रानातली मोकळी जागा. माती, झाडे आणि हातकाम यांतून शिकण्याची ती शाळा, त्यांच्या लहानपणच्या लोकशाळेच्या वळणाची. 1937 साली तिची मुख्य इमारत आगीत जळाली. लहानपणी घर जळालेले, म्हातारपणी शाळा. त्यांनी ती पुन्हा उभी केली.

आता ज्या कामासाठी हे चरित्र मला आपल्या स्मरणिकेत असावेसे वाटले, ते सांगते.

इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड हे अब्राहम लिंकन यांचे गाव. तेथे त्यांचे घर आहे, समाधी आहे, पुतळेही आहेत. तेथील हॅरिएट नूडसन या बागप्रेमी बाईंच्या मनात आले की लिंकन यांचे एक स्मारक जिवंत असावे. शहराने नदीला बांध घालून नवे सरोवर केले होते, त्याच्या काठची 63 एकर जागा 1936 साली मिळाली. जागा कसली, उघडी पडलेली शेते! राज्यभरातल्या बागप्रेमी स्त्रियांच्या मंडळांनी हे काम अंगावर घेतले आणि जेन्सन यांना आराखडा करून देण्याची विनंती केली. फोर्डसारख्यांचे काम सोडून देणाऱ्या या माणसाने त्या बायकांकडून एक पैसाही घेतला नाही.

लिंकन यांचा जन्म केंटकीत, बालपण इंडियानात, संसार आणि वकिली इलिनॉयमध्ये. तेव्हा या तीन राज्यांत मूळची असलेलीच झाडे लावायची असे ठरले. ओक, मेपल, रानसफरचंद, हॉथॉर्न, माळावरची फुले. मोठी झाडे विकत आणायची नाहीत. 14 नोव्हेंबर 1936 रोजी बालवीर मुलामुलींनी तेथे ओकच्या बिया मातीत पेरल्या. पांढऱ्या ओकच्या बीला पेरल्या शरदातच मूळ फुटते. इतर ओकच्या बियांना आधी सगळा हिवाळा थंडी सोसावी लागते, मग वसंतात कोंभ येतो. मंडळांमंडळांतून रोपे येत राहिली. बागेत आठ ठिकाणी जेन्सन यांची ती दगडी वर्तुळे बांधली. पहिली कित्येक वर्षे तेथे येणाऱ्याला ढोपरभर रोपे आणि दगडांचे ओटे एवढेच दिसत असणार. सावली नावालाही नव्हती.

जेन्स जेन्सन 1 ऑक्टोबर 1951 रोजी एलिसन बे येथे वारले. तेव्हा ते एक्क्याण्णव वर्षांचे होते आणि स्प्रिंगफील्डचे ओक जेमतेम पंधरा वर्षांचे. कोलंबस पार्कचा काही भाग 1950 नंतर मोठ्या रस्त्याखाली गेला. उरलेल्याला 2003 साली राष्ट्रीय वारशाचा मान मिळाला. द क्लिअरिंगची शाळा अजून भरते. स्प्रिंगफील्डच्या ओकची वये आता नव्वदीच्या घरात आली आहेत, आणि त्यांच्या फांद्या वर्तुळांवर चांगल्या पसरल्या आहेत. बाग रोज सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असते.